अंतरपाटामागचे स्पीकर

आजोबांचं एक नागपुरी धोतर आमच्या घरात अजून आहे. नेसणारं कोणी उरलं नाही आणि टाकून द्यायला मन होत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत पडून होतं. गेल्या आषाढात मी ते बाहेर काढलं, हॉलमध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवलं आणि त्याच्या मागे स्पीकरच्या दोन जोड्या मांडल्या. जुनं सुती कापड, धुऊन धुऊन विरळ झालेलं. आवाज आरपार जातो, दिसत मात्र काही नाही. आमची ही पोळ्या करता करता बाहेर आली, धोतराकडे पाहिलं, त्याच्यासमोर मांडी घालून बसलेल्या आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंतरपाट धरलात ते ठीक. मंगलाष्टकं कोण म्हणणार?"

दुसरा नवरदेव म्हणजे माझा मामेभाऊ. सहा वर्षांनी लहान, ठाण्यात राहतो, सिनेमाचा भक्त. त्याने एक आख्खी बेडरूम काळ्या पडद्यांनी गुंडाळून तिचं थिएटर केलंय. मी गाण्यातला. म्हणजे गात नाही, ऐकतो. आमचा वाद दहा-बारा वर्षं जुना आहे आणि प्रत्येक लग्नाकार्यात पंगतीला बसल्यावर तो नव्याने सुरू होतो. त्याचं म्हणणं, "दादा, तुझे स्पीकर म्हणजे औषधाची खोकी." माझं म्हणणं, त्याचे स्पीकर म्हणजे रामनवमीचे कर्णे. यंदा तो चिडला आणि आपली जोडी गाडीच्या मागच्या सीटवर घालून, दोघांनाही सीटबेल्ट लावून, पुण्याला घेऊन आला.

खोक्यांबद्दल आधी सांगतो, कारण ती माझी. एलएस ३/५ए हे त्यांचं नाव एखाद्या परिपत्रकाच्या क्रमांकासारखं आहे, कारण त्यांचा जन्मच कचेरीतला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या संशोधन विभागाने ती बनवली, घरात गाणी ऐकायला नव्हेच. बाहेरगावच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मोटारीत बसून करणाऱ्या माणसाच्या नाकापासून दोन-अडीच फुटांवर मावेल आणि तरी खरं बोलेल असा स्पीकर त्यांना हवा होता. त्याचा पूर्वज तर आणखी मजेचा. स्टुडिओत आवाज कसा घुमेल हे पाहायला ही मंडळी त्या स्टुडिओचं एक अष्टमांश मापाचं मॉडेल करत आणि त्यात वाजवायला एक चिमुकला स्पीकर लागे. त्याचंच हे मोटारीत बसलेलं नातवंड. एक फूट उंच, साडेसात इंच रुंद, बर्चच्या प्लायवूडची पेटी, आत खालच्या सुरांसाठी केईएफ कंपनीचा पाच इंची वूफर आणि वर उंच सुरांसाठी ट्वीटर, त्याच्याभोवती फेल्टची चौकट. बीबीसी स्वतः काही विकायला बसली नव्हती. तिने रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांना परवाने दिले. माझी जोडी रॉजर्सची, १५ ओहमची, मुंबईच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलेली. ती देताना त्यांनी खोक्यांवरून हात फिरवला होता. गाय विकताना फिरवतात तसा.

मामेभावाचे स्पीकर अमेरिकेचे. पॉल क्लिप्श नावाच्या इंजिनियरने १९४६ साली आर्कान्सामधल्या होप या गावी कंपनी काढली आणि खोलीच्या कोपऱ्यात बसणारा एक भलाथोरला कर्ण्याचा स्पीकर बनवला. कोपऱ्याच्या दोन भिंती म्हणजे कर्ण्याचाच पुढचा भाग, अशी त्याची योजना. आजही तो बनतो. पण मोठ्या खोलीत असे दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत ठेवले की मधे पोकळी राही. ती भरायला त्याने १९५७ मध्ये एक ठेंगणा, कोपऱ्याबाहेर जमिनीवर ठेवायचा स्पीकर केला. ज्याने आयुष्यभर कोपऱ्याचा धर्म सांगितला त्यानेच कोपरा सोडावा, हे पाखंडच, असं कोणीतरी म्हणालं. क्लिप्शने तेच नाव ठेवून दिलं: हेरसी. म्हणजे पाखंड. मामेभावाकडे समोर पडद्याखाली असे तीन आहेत. मधला संवादांसाठी. होम थिएटरच्या मधल्या स्पीकरची जी जागा आज सगळ्यांच्या घरी ठरून गेलीय, तिच्यासाठीच हा पाखंडी जन्माला आला होता, हे त्याला मी सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की मला पश्चात्ताप झाला.

आता दोघांची तुलना करायची म्हटलं की पहिली अडचण आवाजाची. माझ्या खोक्याला एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर साधारण ८३ डेसिबल आवाज येतो. त्याच्या पाखंड्याला तेवढाच दिला तर कंपनीच्या आकड्याप्रमाणे ९९. फरक १६ डेसिबलचा. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. हिशोब केला तर त्याचा एक वॅट म्हणजे माझे चाळीस. अँप्लिफायरचं बटण तिथंच ठेवून नुसत्या वायरी बदलल्या तर त्याचा स्पीकर माझ्यावर धावून येतो आणि ऐकणारा म्हणतो, वा, काय दम आहे!

ही वा मला फार महागात पडायची होती. मुंबईतल्या एका दुकानात (नाव नको) मी एकदा बोवर्स अँड विल्किन्स कंपनीची हिऱ्याच्या ट्वीटरची जोडी ऐकायला गेलो होतो. खरा हिरा, प्रयोगशाळेत घडवलेला. २००५ पासून त्यांच्या वरच्या श्रेणीत असतो. तो ७० हजार हर्ट्झपर्यंत वेडावाकडा न होता हलतो, असं त्यांचं सांगणं आणि ते खरंच आहे. माझा कान त्याच महिन्यात तपासला होता, तो ११ हजारांवर थांबतो. उरलेले ५९ हजार हर्ट्झ शेजाऱ्यांच्या कुत्र्याला अर्पण. तर त्या दुकानातल्या तरुणाने आधी स्वस्त जोडी लावली, मग ही. मला रडू यायचं बाकी होतं. एका मोटारीची किंमत मनातल्या मनात देऊनही टाकली. मग सहज लक्ष गेलं तर जोडी बदलताना रिमोटवरचं त्याचं बोट दोनदा हललं होतं. मी म्हटलं, "पुन्हा लावा, बटणाला हात न लावता." फरक तेव्हाही होता. पण रडू यावं इतका नव्हता. दोन स्पीकर सारखेच असतील आणि एक जेमतेम डेसिबलभर मोठा वाजला, तर तो मोठा आहे हे कळतच नाही. तो जास्त स्वच्छ, जास्त भरीव वाटतो. आंबेवाला पहिली फोड कुठल्या पेटीतली देतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून आषाढातल्या त्या रविवारी आम्ही आधी फोनवर डेसिबल मोजायचं अँप घेतलं, खरखरीचा एकसारखा आवाज लावला आणि दोन्ही जोड्या ऐकायच्या जागी ७५ वर आणून बटणाच्या खुणा कागदावर लिहून ठेवल्या. धोतराची कल्पना माझी, पण तिचं मूळ अमेरिकेत. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनिसंशोधकांनी हारमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्या ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. पडद्याआड चांगले गुण मिळवलेला छोटा, स्वस्त संच डोळ्यांसमोर आल्यावर गडगडला. ऐकणारे कंपनीचेच लोक, कानाचे तयार. डोळ्यांनी त्यांनाही सोडलं नाही.

वायरी बदलायचं काम पुतण्याने केलं. तो बारावीला आहे, गाणं शिकतो, आणि दोन काकांना एकाच वेळी चुकीचं ठरवायची संधी त्याने आनंदाने घेतली. निकाल लपवत नाही. किशोरीताईंची एक जुनी नोंद लावली तेव्हा मी "हीच माझी खोकी" म्हणून ओळखली आणि बरोबर निघालो. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या वेळीही. मग तबल्याचा एकल लावला. डग्ग्यावर मनगट दाबत जो घिस्सा येतो, तो एका जोडीतून असा आला की मी मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "ऐक! याला म्हणतात बीबीसी." धोतरामागून पुतण्याच्या हसण्याचा आवाज आला. पाखंडी वाजत होता. मामेभावाने तोंडातला चहा धोतरावर उडू नये म्हणून मान फिरवली. पुढे त्याची पाळी आली. एका चित्रपटातला कुजबुजत्या आवाजातला संवाद चारदा लावला, पुरुषाचा, पावसात. त्याने चारही वेळा माझी खोकी निवडली. चारही वेळा त्यांना आपली समजून.

यात खरं तर नवल नाही. बीबीसीवाल्यांना सगळ्यात जास्त काळजी होती ती माणसाच्या बोलण्याची. बातम्या देणाऱ्याचा आवाज नाकातून येतोय की पेटीतून, हे त्यांना ओळखता यायला हवं होतं. म्हणून त्यांनी पेटीच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवल्या आणि आतून डांबरी थर चिकटवले. पेटी हलणारच, तर तिचं हलणं माणसाच्या आवाजाच्या पट्ट्याखाली ढकलून द्यावं, हा विचार. तिथलेच डडली हारवुड यांनी निवृत्तीनंतर १९७७ मध्ये हीच विद्या घेऊन हार्बेथ काढली. हार म्हणजे हारवुडमधला आणि बेथ म्हणजे पत्नी एलिझाबेथमधली. बाकीची दुनिया उलट्या दिशेने गेली. पेटी दगडासारखी करा, आतून जाळी भरा, काही झालं तरी तिने बोलता कामा नये. हेरसी मला या दोन्हींच्या बाहेरची वाटते. तिचा कर्णा हवेला असा जोर देतो की स्पीकरमधल्या हलणाऱ्या पडद्याला फार हलावंच लागत नाही, आणि कमी हलणारी वस्तू कमी चुकते. थापेचा पहिला क्षण तिच्यात जसा उभा राहतो तसा माझ्या खोक्यात राहत नाही. लिहिताना जड जातंय, पण आहे. आणि सिनेमाचं तर विचारूच नका. थिएटरच्या मापाने एकेका वाहिनीचा, म्हणजे एकेका स्पीकरला वेगळा पाठवलेला, आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत जावा लागतो, गडगडाटाच्या वाहिनीचा ११५. माझं खोकं त्याच्या खूप आधी मान टाकेल.

त्या गडगडाटासाठी वेगळा सबवूफर लागतो. तो ठेवायची जागा शोधायची रीत अशी, की सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीत ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगत, कान जमिनीलगत नेत, जिथे खर्ज गोळीबंद लागेल ती जागा धरायची. मामेभाऊ माझ्या हॉलमध्ये टॉर्च घेऊन चार पायांवर फिरत असताना कामाच्या मावशी आल्या. "काय हरवलं का दादांचं?" असं विचारून त्याही वाकल्या. माझा हॉल ११ बाय १६ फुटांचा. आवाजाचा वेग आणि लांबी-रुंदी यांचा साधा भागाकार केला तर ३५ आणि ५१ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच गुणगुणायला लागते. दोन लाखांचा सबवूफर आणला तरी त्या दोन सुरांवर गाणारी खोलीच. खाली राहणाऱ्या काकूंना हे शास्त्र समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, पण माझी भांडी वाजतात."

चहाच्या दुसऱ्या फेरीला मामेभावाने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. "दादा, तू सारखं म्हणतोस, मूळ आवाजासारखं वाजलं पाहिजे. मूळ कुठे ऐकलायस तू?"

मी तोऱ्यात सांगायला गेलो. सवाई गंधर्व महोत्सव, तेव्हा रमणबागेत व्हायचा तो, सतरंजीवर, डिसेंबरच्या थंडीत, मफलर बांधून. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला, आणि मी कॉलेजात असल्यापासून चुकवला नाही असा. बोलता बोलताच मला कळलं की मी काय बोलतोय. रमणबागेतल्या त्या हजारो माणसांपैकी गवयाचा उघडा गळा कितीजणांच्या कानावर पडत होता? आम्ही ऐकत होतो ते मांडवाला टांगलेले स्पीकर. गळ्यापासून माइक, माइकपासून मिक्सर, तिथून वायर, वायरीतून पेटी. त्याआधीचं ऐकणं म्हणजे वडिलांचा मर्फीचा रेडिओ. त्याच्याही आधी गल्लीतल्या गणपतीपुढचा अहुजाचा भोंगा, ज्यातली भक्तिगीतं मला आजही त्याच चिरक्या आवाजात आठवतात, आणि तीच गाणी चांगल्या यंत्रावर लागली की काहीतरी कमी वाटतं. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जनातल्या डीजेच्या भिंतींबद्दल बोलतच नाही. तर माझ्या डोक्यातलं मूळ म्हणजे एका स्पीकरची आठवण आहे, आणि घरी मी दुसरा स्पीकर घेऊन तिच्याशी ताडून पाहतोय.

बीबीसीच्या इंजिनियरांची इथे चैन होती. स्टुडिओत वाद्यवृंद वाजतोय, शेजारच्या खोलीत स्पीकर. शंका आली की दार उघडायचं, आत जाऊन खरं ऐकायचं, परत येऊन खोटं ऐकायचं. आपल्याकडे असं दार नाही. एवढ्या वर्षांत माइकशिवायच्या घरगुती बैठका मी फार तर दहा-बारा ऐकल्या असतील, त्यातल्या दोनांत पंख्याची घरघर गाण्याहून मोठी होती.

पुतण्या वायरी गुंडाळत होता. तो म्हणाला, "काका, दार आहे की. माझा तंबोरा आणू?"

तंबोरा मिरजेचा, काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा. आतल्या खोलीत गादीवर बसून त्याने जुळवला, मग पाऊण हातावर छोटा रेकॉर्डर ठेवून दहा मिनिटं नुसता छेडला. नोंद घेऊन आम्ही हॉलमध्ये. अंतरपाट काढून टाकला, आता लपवायचं काही नव्हतं. दार उघडं. आत खरा, बाहेर खोटा, आणि उंबऱ्यात मी.

आधी पाखंडी. तारेवर बोट पडल्याचा क्षण हुबेहूब, आत-बाहेर फरक सांगता येऊ नये इतका. पण त्यानंतर तंबोरा जो फुलत जातो, घोडीवर तार टेकत सुटत तिच्यातून एकामागून एक स्वर उमलतात, तिथे तो घाईत होता. मग माझी खोकी. बोट बोथट. फुलणं मात्र सगळं होतं, जवारीचा तो मधमाश्यांसारखा गुंजारवही. खर्जाची गंमत अशी की काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, आणि माझी खोकी तिथवर येईपर्यंत दमलेली असतात. तरी खर्ज ऐकू आला. तंबोऱ्यात मूळ सूर तसाही दुबळाच असतो. वरच्या स्वरांची उतरंड पुरेशी नीट लागली की तळाचा सूर कान आपणच रचून घेतो. मामेभाऊ उंबऱ्यात येऊन उभा राहिला, डोकं आत, डोकं बाहेर, बराच वेळ. "दोन्ही खोटं बोलतायत," तो म्हणाला, "पण वेगवेगळं."

मग जेवणं झाली. पाऊस लागला. दुपारभर तो हटला नाही, खिडक्यांच्या काचा आतून धुरकट झाल्या, पापड मऊ पडले. संध्याकाळी निघायच्या आधी मामेभावाला अजून एकदा ऐकायचं होतं. मी सकाळची नोंद खोक्यांवर लावली, आतून पुतण्याने तंबोरा छेडला आणि आम्ही तिघेही एकदम थांबलो. दोन्ही आवाज मिळून सेकंदाला एक-दोन अशा लाटा उठत होत्या. व्हॉव, व्हॉव, व्हॉव. दमट हवेत तंबोरा केसभर उतरला होता. नोंद सकाळच्याच सुरात.

"थांबव ते," मी म्हणालो आणि रिमोटकडे हात नेला.

"नको काका, राहू दे. बरं पडतं." पुतण्याने तंबोरा उचलून दाराशी आणला, स्पीकरच्या बाजूला कान केला, आणि खोक्यातल्या तंबोऱ्याशी आपला तंबोरा जुळवायला लागला. लाटा लांबत गेल्या. डोळे मिटून, घोडीखालचा मणी तो नखाने केसाकेसाने सरकवत होता.